नाव शेवटच्या कडव्यात

१ सप्टेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! चार तास खेचरावर बसून कंबरेचा पार भुगा झालाय, पण माझी तक्रार नाही. चाळीस दिवसांचं काम, बुरुजासारख्या घरात वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली (मजल्यामजल्याला शिडी, वर जमिनीत झाकण), खोलीला समुद्राकडे खिडकी. आणि आल्या आल्या पुढ्यात काय आलं, तर तेलात मुरवलेले लावे, ताजी अंजिरं आणि वर मधात बुडवलेलं तळण. लोकांच्या मरणावर माझी चूल पेटते हे खरं, पण इतकं चांगलं त्या चुलीवर क्वचितच शिजतं.

माझा नवरा देवळात गायचा. त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या, सूर धरणं आणि लिहिणं. तो गेला तेव्हा त्याच्यावर मी पहिला विलाप रचला, आणि ऐकायला आलेल्या बायकांना सावरता सावरता पाद्रीबाबांची पुरेवाट झाली. तेव्हापासून या किनाऱ्यावर कुणाचं माणूस गेलं की निरोप येतो, स्ताव्रियानीला आणा. उगाच बढाई मारत नाही, पण पलीकडच्या गावातली ती किरियाकू गाते तेव्हा प्रेत कंटाळून कूस बदलेल, आणि मी गाते तेव्हा कोरड्या विहिरीलाही पाझर फुटतो.

काम असं आहे. घरची मालकीण पोतितीबाई, सत्तरीची, ताठ, नखशिखांत काळ्या कपड्यांत. तिचा मोठा मुलगा याकुमी तीन वर्षांपूर्वी गोळी लागून मेला. येत्या दहा ऑक्टोबरला त्याला उकरायचं, हाडं नव्या वाइनने धुवायची आणि देवळातल्या पेटीत ठेवायची. त्या दिवसासाठी विलाप हवा, साधासुधा नाही, पूर्ण, चाळीस कडव्यांचा. बाईंची अट एकच. मेलेल्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं, आणि ते कधी घालायचं ते त्या स्वतः सांगणार. तोवर नुसतं ‘तो’. जुन्या घरांची अशी रीत असतेच. मी म्हटलं, बाई, तुमचा मुलगा, तुमची मर्जी.

४ सप्टेंबर, शुक्रवार

घरात माणसं दोनच. म्हातारी आणि धाकटा मुलगा पानागो. पानागो तिशीचा असेल, मऊ चेहऱ्याचा, बकऱ्यांशीही अहो-जाहो करेल असा. त्याचं ताट पालथं मांडतात. तो रोज मुकाट्याने बसतो, ताट सुलटं करतो आणि वाढून घेतो. मी पहिल्या दिवशी चुकून सुलटं मांडलं, तर म्हातारीने उठून पुन्हा पालथं केलं.

याचा अर्थ पाणी भरायला येणाऱ्या कानेलाने सांगितला. कानेला म्हणजे गावचा नगारा, घागर अर्धी आणि तोंड पूर्ण भरलेलं. म्हणाली, अगं बाई, तुला ठाऊक नाही? भावाचं रक्त तीन वर्षं तसंच पडलंय आणि हा बोकडांना पाला चारत बसलाय. ज्याने सूड घेतला नाही त्याला सुलटं ताट कोण वाढणार? आणि सूड होईपर्यंत याकुमीवर कुणी रडायचं नाही असं म्हातारीने ठरवलं. बिचारा ओंडका पुरावा तसा पुरला. एक हुंदका नाही की एक ओळ नाही.

आता खरा पेच ऐका. गोळी घातली ती पलीकडच्या डोंगरावरच्या घरातल्या थोरल्याने, आणि तो जहाजात बसून अमेरिकेला पळाला. मग रक्ताचं देणं आलं त्याच्या धाकट्या भावावर, स्त्रातीवर. आणि स्त्राती कोण? तर या म्हातारीचा जावई. तिची मुलगी लिगेरी चार वर्षांपूर्वी त्याला दिलेली. बिचारीने इकडे बघावं की तिकडे? कानेला म्हणाली, लिगेरीचं म्हणजे दोन्ही घरचे काळे कपडे आणि एकच अंग.

पण सगळं गोड होणार आहे म्हणे. दहा तारखेसाठी स्त्राती बिनबंदुकीचा इथं येणार, सासूच्या हाताचा मुका घेणार आणि हाडांसमोर माफी मिळणार. ऐकून मला बरं वाटलं. शेवटी समेट होणार असला की रडायलाही मजा येते.

५ सप्टेंबर, शनिवार

म्हातारीला बोलतं करणं म्हणजे दगडाचं तेल काढणं. चार दिवस विचारतेय, कसा होता तो, काय खायचा, कसा चालायचा. उत्तर एकच, बघू. आज सकाळी ती खिंडीतल्या देवळात गेली, दुपारी परत आली आणि काठी ठेवता ठेवताच म्हणाली, लिही. तो डाव्या हाताने पाव कापायचा. बोलण्याआधी हसायचा. कुणी रागावलं तरी आधी हसायचा, मग बोलायचा.

बस्स. एवढ्यावर मी सहा कडवी केली. पहिलं तर फारच छान उतरलं:

डाव्या हाताने पाव कापला,
मोठा तुकडा दुसऱ्याला दिला,
बोलण्याआधी हसून घेतलं,
हसणं इथेच ठेवून गेला.

गाऊन दाखवलं. म्हातारीच्या डोळ्यांत टिपूस नाही. कॉफीत कसली तरी पूड टाकून ढवळत बसली होती. मला वाटलं दालचिनी. नंतर कानेला म्हणाली, कबरीवरची माती आहे ती. रोज चिमूटभर.

१२ सप्टेंबर, शनिवार

परत खिंडीतलं देऊळ आणि परत आठवणी ताज्या. तिथल्या संताची कृपा दिसते. या वेळी असं, की उजव्या भुवईत पांढऱ्या केसांची एक बट होती, लहान मुलं तिला हात लावायला बघायची. शिडी चढताना शीळ घालायचा, वरच्या पायरीवर थांबायचा, मग आत यायचा. थांबायचा का? म्हातारी म्हणाली, आत कुणी रडत असेल तर तिला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून.

असा माणूस मला का नाही भेटला? माझा नवरा चांगला होता, पण दारातूनच ओरडत यायचा, जेवण झालं का म्हणून.

१५ सप्टेंबर, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. कानेलाला मी सहज म्हटलं, तुमचा याकुमी फार हसरा होता हं. तिने घागर खाली ठेवली. म्हणाली, कोण, याकुमी? अगं, त्याच्या दारावरून जाताना कुत्रीसुद्धा शेपूट आत घ्यायची. हसताना त्याला त्याच्या आईनेही पाहिलं नसेल. मी म्हटलं, आणि तो डावखुरा होता ना? तर ती म्हणाली, डावा हात होता कुठं? तेलाच्या घाण्यात पंजा गेला त्याचा, दहा वर्षांचा असताना.

मग तिला एकदम काम आठवलं.

म्हातारीचं डोकं फिरलंय का? शोकाने फिरतं, मी पाहिलंय. मुलगा जसा हवा होता तसा ती आता आठवत असेल. आई आहे, करू दे. पण मग पांढरी बट? ती कुणी मनाने कशी रचेल?

१९ सप्टेंबर, शनिवार

देवळातून आली. आजची आठवण अशी, की पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, चुन्याच्या भट्टीत भाजल्याचा डाग, तळहाताएवढा. आणि झोपेत खेचरांची नावं पुटपुटायचा, एकेक करून सगळ्यांची, रात्री बांधायचं कुणी राहिलं तर नाही ना या काळजीने.

या घरात खेचरं नाहीत. कधीच नव्हती. मी तबेला पाहून आले, बकऱ्यांच्या लेंड्यांशिवाय तिथं काही नाही.

धीर करून विचारलं, बाई, याकुमीचा डावा हात तर लहानपणीच गेला होता ना? तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं वाटलं असतं. माळणीने कोबीच्या गड्ड्याकडे बघावं तसं पाहिलं. म्हणाली, तुला गायला आणलंय, बघायला नाही. मग स्वतःच्या हाताने मला अंजिरं सोलून दिली. खाल्ली मी. गोड होती.

कुठंतरी पाणी मुरतंय.

२२ सप्टेंबर, मंगळवार

पानागोवर नजर ठेवली. काठी तासतो ती उजव्या हाताने. भुवया काळ्या. शर्ट काढून विहिरीवर अंग धुतो, पाठ स्वच्छ. शीळ घालत नाही आणि हसायचा तर प्रश्नच नाही. म्हणजे तो नाही. हे लिहिताना कळतंय की मी शोधतेय ते जिवंत माणसांत. का बरं?

माझंही काही ठीक नाही. आज सत्ताविसावं कडवं करताना इतकी रडले की कागद बदलावा लागला. दुसऱ्यांच्या मढ्यांवर मी पंधरा वर्षं रडतेय, ते रडणं घरी येताना पायरीवर सोडून येते. हे सुटत नाही. जेवताना घास फिरतो. संध्याकाळी शिडी वाजली की वाटतं शीळ येईल. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याच्यावर मी बायकोसारखी रडतेय. लाज वाटते, पण खरं आहे.

२६ सप्टेंबर, शनिवार

आज देवळातून आल्यावर म्हातारीने पूर्ण विलाप म्हणायला लावला, शेवटचं कडवं सोडून. मी म्हटला. म्हातारीच्या खोलीच्या खिडकीतून बघते तर खाली गल्लीत बायका उभ्या, घागरी तशाच डोक्यावर. एकीनेही वर पाहिलं नाही. सगळ्या ओठांतल्या ओठांत माझ्यामागून म्हणत होत्या.

संपल्यावर म्हातारी हसली. तिच्या दातांवर मातीची रेघ होती.

मी म्हटलं, काम होत आलंय, दोन दिवस घरी जाऊन येते. ती म्हणाली, खेचरवाला आजारी आहे. कानेला आता वर येत नाही. घागर खालच्या दारात ठेवते आणि निघून जाते. हाक मारली तरी वळत नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

पानागोला एकटं गाठलं. विचारलं, दादा, तुम्हाला आणखी एक भाऊ होता का? त्याने ताट सुलटं केलं, परत पालथं केलं. म्हणाला, स्ताव्रियानीताई, गाणं फार छान झालंय तुमचं. थोडं सावकाश घ्या. जमेल तितकं सावकाश. मी म्हटलं, का? तो उठून गेला, न जेवताच.

आज म्हातारी देवळातून रिकामी आली. म्हणाली, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. सगळा आलाय.

सगळा आलाय, म्हणाली. सगळं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

लिगेरी आली. घरात माणूस आल्यासारखं वाटलं. पंचविशीची, नाजूक, बोलायला गोड. येताना माझ्यासाठी बिहीफळांचा मुरंबा आणला, माझे केस विंचरून दिले, म्हणाली, मावशी, तुमचं नाव आमच्या डोंगरापर्यंत पोचलंय. नवऱ्याचं विचारलं तर लाजली. उद्या येतोय म्हणाली. आईवर जीव आहे आणि नवऱ्यावरही आहे हे तिच्या बोलण्यातून सारखं डोकावतं. एक वाक्य इकडचं, एक तिकडचं. बिचारी. तिच्या शेजारी बसून मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

दोघी मायलेकी बराच वेळ नुसत्या हात धरून बसल्या होत्या. म्हातारी तिला सुलट्या ताटात वाढते.

९ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार

शिडीवर शीळ वाजली.

वरच्या पायरीशी थांबली.

मग तो आत आला. उजव्या भुवईत पांढरी बट.

नीट लिहिते. जावई आहे. स्त्राती. सासूपुढे वाकला, तिच्या हाताचा मुका घेतला. म्हातारीने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. लिगेरीने पाव पुढे केला. त्याने डाव्या हाताने कापला. मोठा तुकडा पानागोला दिला.

माझ्या हातातला वाइनचा जग पडला. तो हसला, मग म्हणाला, मावशी, फुटला तर फुटू दे, नवी वाइन आहे, आणखी येईल. जिवंत आहे. गालावर लाली आहे. चाळीस दिवस ज्याला मी पुरतेय तो माझ्यासमोर बसून ऑलिव्हच्या बिया बशीत मोजून ठेवत होता आणि आपल्या खेचरांच्या गोष्टी सांगत होता.

तीच नावं. तीच.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

काय करू? त्याला सांगावं? म्हातारी त्याच्या बाजूची हलत नाही, आपल्या हाताने भरवतेय. आणि सांगितलं तर तो पहिलं काय करेल? निरोप धाडून आपली माणसं बोलावेल, बंदुका येतील आणि पानागो मरेल. चाळीस दिवस मी या घरचं मीठ खाल्लंय. पानागोनेच मला खिडकीला कडी लावून दिली, वारा लागतो म्हणून. खाल्ल्या मिठाला जागावं की ज्याच्यावर गायले त्या माणसाला?

आणि समजा माझंच चुकत असेल? समेटाच्या आदल्या दिवशी असलं काही बोलणाऱ्या बाईला दोन्ही घरं मिळून समुद्रात फेकतील, आणि बरोबरच करतील.

लिगेरीला सांगते. बायको आहे. त्याची आई आजारी पडल्याचं, स्वप्न वाईट पडल्याचं, काहीही कारण काढून ती त्याला उजाडताच घरी नेईल. कुणाचं रक्त नको. हाच रस्ता बरा.

१० ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

सांगितलं. ती माझे केस विंचरायला आली होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं ओकले. विलाप याकुमीचा नाही, तुझ्या नवऱ्याचा आहे, तुझ्या आईचं डोकं फिरलंय, त्याला घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ. तिला पटावं म्हणून कडवी म्हणून दाखवली. पावाचं, भुवईचं, शिडीचं, खेचरांचं, उजव्या खांद्याखालच्या डागाचं.

तिने सगळं ऐकून घेतलं. फणीतले केस काढले, गुंडाळी केली. मग म्हणाली, मावशी, डाग डाव्या खांद्याखाली आहे. मी आईला डावाच सांगितला होता.

मी विचारलं, देवळात? ती म्हणाली, दर शनिवारी.

मग रडायला लागली. अगदी पोरीसारखी. म्हणाली, तो फार चांगला आहे हो. पण माझ्या भावावर कुणी रडलं नाही मावशी. तीन वर्षं तो माझ्या स्वप्नात येतो आणि तोंड उघडतो, तर आत नुसती माती. नवरा म्हणतो, विसर. कसं विसरू? तुम्ही सांगा ना. मी काय सांगणार? तिने माझा मुका घेतला, डाव्याचं तेवढं नीट करा म्हणाली आणि खाली गेली.

शिडी घेऊन गेली.

नंतर

झाकण खालून बंद नाही, पण खाली दीड माणूस उंची आणि दगडी फरशी. खिडकीतून हात जातो, डोकं जात नाही. खाली समुद्र. कोण ऐकणार.

पानागो झाकणाखाली येऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. वर न बघता बोलत होता. म्हणाला, ताई, मी आईला सांगितलं होतं, जिवंत माणसाला मारणं माझ्याच्याने होणार नाही. त्याच्याबरोबर जेवलोय मी. मासे धरलेत. तर ती म्हणाली, ठीक आहे, तुझ्यासाठी त्याला आधी मेलेला करून देते. गावाने ज्याला रडून घेतलं, ज्याचं नाव विलापात पडलं, तो मेलेलाच. मेलेल्याला गोळी घातली तर पाप नाही. ताई, मी हो म्हणालो. आता नाव पडलं की मला उठावं लागेल.

मी म्हटलं, अरे मग नको ना उठू! जा, सांग त्याला, पळव त्याला!

तो म्हणाला, तीन वर्षं पालथं ताट, ताई. आई आहे माझी. तुम्ही नाव घेऊ नका. हात जोडतो. तुम्ही नाव घेतलं नाही तर मी सुटलो, तोही सुटला.

शिडी लाव म्हटलं. रडत रडत गेला. लावली नाही.

नाही घेणार. शपथ. तोंडातून सूरच काढणार नाही.

दुपार

खाली सगळं गाव जमलंय. पाद्रीबाबांचा मंत्र झाला, ते गेले. मेलेल्यासाठी शिजवलेले गोड गहू वाटले. हाडं आणली — वाइनचा वास वर येतोय, आंबट, उबदार. स्त्रातीचा आवाज, मी धरतो ना परात, तुम्ही बसा सासूबाई.

ओरडले. स्त्राती, निघून जा, ओरडले. बायकांचा गलका केवढा. दोनदा, तीनदा. म्हातारी सांगतेय, वर ती गाणारी आहे, रडून रडून डोकं फिरलंय तिचं, लक्ष देऊ नका. माझं म्हणे डोकं —

बोलावलं मला. ये, सुरू कर. गप्प बसले. परत बोलावलं. डोक्याचा रुमाल तोंडात कोंबलाय.

शांत. मी जिंकले का?

लिगेरी गातेय.

माझंच. पहिल्यापासून. डाव्या हाताने पाव कापला — आवाज कोवळा, पण एक सूर चुकत नाही. बायका मागून उचलतायत. सगळ्यांना येतं. सगळ्यांना.

रुमाल काढला. ओरडतेय. शंभर गळ्यांत माझा एक. घसा फाटला, काही पोचत नाही.

स्त्राती रडतोय. भल्या माणसाला वाटतंय याकुमीचं चाललंय. हाडं धुतोय आणि रडतोय.

भुवई. शीळ. आता तो थांबला. झाकणाच्या फटीतून दिसतो, हातात कवटी, तशीच. खेचरांची नावं. तो हसला, मग म्हणाला, लिगेरी, हे काय गं? लिगेरी, हे काय आहे?

ती गातेय. डोळे मिटून. डावा खांदा.

शेवटचं कडवं.

अडकली. नाव येईना. तोंड उघडं आणि आवाज नाही. नवरा आहे तिचा. म्हातारीने तिचं मनगट धरलंय. तरी नाही. सगळ्या बायका गप्प, श्वास धरून. पानागो भिंतीला टेकलेला, त्याचे ओठ हलतायत, नको, नको —

एवढी शांतता. आता ऐकू जाईल. आता ओरडले तर प्रत्येक शब्द ऐकू जाईल. स्त्राती, पळ. दोनच शब्द. देवा, दोनच —

ओरडले.

सुरात आलं. चाळीस दिवस घोटलेला सूर, गळ्याला दुसरं काही येईना. नाव तेवढं गेलं, लांब, भरून, कडव्याच्या शेवटी जिथं पडायला हवं बरोबर तिथं. पळ निघालंच नाही. श्वास संपला —

बायकांनी नाव उचललं. सगळ्यांनी.

तो वर बघतोय. कुणी हाक मारली विचारतोय. डावा हात डोळ्यांवर धरून, उजेड लागतो म्हणून. हसतोय. मावशी, तुम्ही का? — पानागो भिंतीपासून सुटला, त्याच्या मागे, स्त्राती मागे बघ, मागे ब